स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घरी सांभाळताना या चुका टाळा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळताना घरच्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुतेकदा मायेपोटीच होतात. त्यांपैकी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेत राहणे. पाहुणे आले की "आई, सांग बघू, हा कोण?" असे विचारले जाते. नाव आठवत नाही, चेहरा पडतो आणि प्रश्न विसरला गेला तरी चारचौघांत खजील झाल्याची अस्वस्थता मात्र बराच वेळ टिकते. त्यापेक्षा "आई, नागपूरचा तुझा भाचा आलाय" अशी ओळख करून देऊनच बोलायला सुरुवात करावी.

दिवस कलला की अनेक घरांत "मला घरी जायचंय" असा धोशा सुरू होतो आणि "हेच तर तुझं घर" हे पटवण्याच्या नादात भांडण पेटते. पुष्कळदा आईच्या मनातले घर तिचे माहेर असते, त्यामुळे तिथे पुरावे चालत नाहीत. "जाऊ या, आधी चहा घेऊ" असे म्हणून माहेरच्या अंगणाविषयी तिलाच बोलते करावे, अंधारून येण्याआधी दिवे लावावेत आणि दुपारची झोप लांबू देऊ नये. हे खोटे बोलणे आहे, असे ज्यांना वाटते त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे, परंतु घाबरलेल्या माणसाला खरे-खोटे सुनावण्यापेक्षा धीर देणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, भास होऊ लागले किंवा एरवी चालता-बोलता असलेला माणूस गुंगीत पडून राहू लागला, तर "आजार पुढे सरकला" असे समजून स्वस्थ बसू नये. हा आजार सहसा महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. असा एकाएकी झालेला बदल लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, तुंबलेला मलावरोध किंवा नव्याने सुरू केलेले औषध यांमुळे असू शकतो, आणि म्हातारपणी संसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामाइनही गोंधळ वाढवू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि चालू औषधांची पिशवी सोबत न्यावी. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी तर कधीच देऊ नये.

न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना सांगावे.

व्यवहाराच्या बाबतीत कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार) विसंबणारी कुटुंबे पुढे अडकतात, कारण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की त्या अधिकाराचाही शेवट होतो. म्हणून आजाराच्या सुरुवातीलाच, समज शाबूत असताना, वकिलांचा सल्ला घेऊन मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते आणि नामनिर्देशन मार्गी लावावे.

राहता राहिली सांभाळणारी व्यक्ती, बहुधा सून किंवा मुलगी. दूरच्या भावंडांनी फोनवरून सूचना देण्याऐवजी आठवड्यातला एखादा दिवस प्रत्यक्ष येऊन सांभाळावे आणि ते जमत नसेल, तर मदतनिसाच्या पगाराचा वाटा उचलावा. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. सांभाळणाऱ्याचेच मन खचू लागले असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते.