नकाशावर आमचं प्लंबिंगचं काम दिसायला लागलं, ते असं

वर्षभर गूगल मॅपवर आम्ही शोधूनही सापडत नव्हतो. चूक साधी निघाली: बिझनेस प्रोफाइलमध्ये (गूगलवरची धंद्याची नोंद) मुख्य प्रकार ‘प्लंबर’ऐवजी ‘कंत्राटदार’ निवडलेला. तो बदलला. आमचं दुकान नाही, काम गिऱ्हाइकाच्या घरी; म्हणून घरचा पत्ता लपवून सेवाक्षेत्रं, म्हणजे आम्ही कामाला जातो ते भाग, भरली. ती जास्तीत जास्त २० भरता येतात. पण लांबची गावं टाकून तिथल्या शोधात वरचा नंबर मिळत नाही, गूगल अंतर बघतंच. जुन्या मोबाइल नंबरचं दुसरं प्रोफाइल पडून होतं, तेही काढून टाकलं.

सगळ्यात जास्त फरक अभिप्रायांनी पडला, असं मला वाटतं. काम संपलं की लगेच लिंक पाठवतो. त्याबदल्यात सूट देत नाही, ते नियमात बसत नाही. आणि तक्रार आली तर उत्तर मी स्वतःच लिहितो.