एलसीडी काढला, लॅपटॉपच पडदा केला

टाकीची पातळी, पंप आणि तीन सेन्सर, एवढं सगळं १६ बाय २ च्या (१६ अक्षरं, २ ओळी) एलसीडीवर मावेना. हे सगळं चालवणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची यूएसबी वायर तशीही लॅपटॉपला जोडलेलीच होती.

बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी आर्डुइनोची खिडकी, म्हणजे सीरियल मॉनिटर, इथे उपयोगाची नाही. ती एस्केप कोड, म्हणजे कर्सर हलवायचे, पडदा पुसायचे आदेश, पाळत नाही, नुसता कचरा छापते. पुट्टी ही टर्मिनल प्रणाली लॅपटॉपवर वापरा. १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलचे आदेश ती आजही ऐकते: एस्केप म्हणजे २७ क्रमांकाचं कॅरेक्टर, चौकोनी कंस, ओळ, अर्धविराम, स्तंभ आणि शेवटी कॅपिटल एच. कर्सर थेट त्या जागी जातो.

खरा त्रास लुकलुकण्याचा. ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे वायरवरून डेटा जाण्याचा वेग) सेकंदाला फार तर ९६० अक्षरं जातात. ८० बाय २४ चा भरलेला पडदा १९२० अक्षरांचा, म्हणजे दोन सेकंद! वेग ११५२०० केला, तरी पुसून लिहिताना डोळ्यांना खुपतंच. उतारा असा: चौकट आणि लेबलं सुरुवातीला एकदाच, नंतर फक्त बदललेले आकडे. तेही ठरावीक रुंदीत. नाहीतर १०० च्या जागी ९९ आला की जुना शून्य मागे लोंबकळतो आणि टाकी ९९० टक्के भरते.

मेनूसाठी बाणाच्या कळा घेतल्या. एक कळ तीन बाइट पाठवते: एस्केप, कंस आणि ए ते डी पैकी एक. त्या बाइटची वाट बघत लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा मुख्य कोड, अडवू नका, नाहीतर बंद करायची वेळ आली तरी पंप चालूच राहील.

लेबलं एफ मॅक्रोत ठेवा, म्हणजे ती रॅमऐवजी फ्लॅश मेमरीत राहतात. उनो आर३ ची रॅम जेमतेम २ केबी.