कासव आजारी पडलं की होणाऱ्या या चुका टाळा

कासवाचे डोळे सुजले की आपला हात आधी ड्रॉप्सकडे जातो. माझाही गेला होता. आमच्या रेड-इअर्ड स्लायडरच्या (कानाजवळ लाल पट्टा असलेलं पाळीव पाणकासव) पापण्या फुगत फुगत एक दिवस पार मिटल्या, आणि मी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे थेंब घालत बसलो. सूज तसूभरही उतरली नाही. शेवटी पशुवैद्यांकडे नेलं, तर त्यांनी डोळ्यांकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "खायला काय देता?" वाळवलेली कोळंबी. रोज, फक्त तीच. निम्मं निदान त्या उत्तरातच झालं: अ जीवनसत्त्वाची कमतरता.

हे जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे, नाक आणि कानाच्या आतलं नाजूक अस्तर जाड, कोरडं होतं आणि ग्रंथींची तोंडं बुजतात. डोळे सुजतात ते त्यामुळे. पुढे त्याच कासवाला सर्दी किंवा कानात गळू होण्याचं कारणही बरेचदा हेच असतं. त्यात डोळे मिटलेल्या कासवाला अन्न दिसत नाही, म्हणून ते खात नाही, म्हणून कमतरता आणखी वाढते. ड्रॉप्सने फार तर वरचा जंतुसंसर्ग आटोक्यात येतो. खरा उपाय आहारात आहे: चांगल्या प्रतीच्या पेलेट्स (कासवाच्या तयार खाद्याच्या गोळ्या), गडद हिरवा पाला, किसलेलं गाजर. वाळवलेली कोळंबी कधीतरी खाऊ म्हणून ठीक.

मात्र कारण कळल्यावर जीवनसत्त्वाचा मारा करणं ही त्याहून मोठी चूक. अ जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि इंजेक्शनचा डोस जास्त झाला तर कासवाची कातडी अक्षरशः सोलून निघते. डोस पशुवैद्यांनीच ठरवायचा.

"बघा, कसं तिरकं पोहतंय!"

अशा व्हिडिओंवर लोक हसतात, मला धडकी भरते. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून, डावी-उजवीकडे असतात. एका फुप्फुसात पाणी किंवा कफ साठला की ती बाजू जड होते आणि कासव कलून तरंगतं. पोटात गॅस झाल्यानेही कधी तोल जातो. पण सोबत नाकाशी बुडबुडे येत असतील, मान ताणून तोंड उघडून श्वास चालला असेल किंवा श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर न्यूमोनिया धरून चाला आणि पशुवैद्य गाठा. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं. जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही, त्यामुळे "बघू दोन-चार दिवस" हे धोरण इथे महागात पडतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी टँकच्या पाण्यात विरघळवणं. कासवाच्या पोटात औषध किती गेलं ते कळत नाही, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र मरतात. दुसरी चूक थंड पाण्याची. कासवाची प्रतिकारशक्ती आणि औषध पचवण्याची गती, दोन्ही बाहेरच्या उष्णतेवर चालतात. एरवी स्लायडरला पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि ऊन खायची जागा ३० ते ३३ अंश लागते. आजारपणात पाणी या पट्ट्याच्या वरच्या टोकाला ठेवायचं. पशुवैद्य तीन दिवसांतून एकदाच इंजेक्शन देताहेत म्हणून बिचकू नका, काही औषधं कासवाच्या अंगात तेवढी टिकतात. सुई पुढच्या पायाला टोचली तरी नवल नको. मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडावरून जात असल्याने पुढचा भाग निवडायची पद्धत आहे.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत: आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका. कुत्र्या-मांजरांच्या जंत-गोचिडांसाठी हे सर्रास वापरलं जातं, पण कासवाचा त्याने जीव जातो.

कवच सोलतंय की सडतंय?

वाढत्या स्लायडरच्या कवचावरचे खवले अधूनमधून निघतात. निघालेला तुकडा हातात घ्या: नखासारखा पातळ, उजेडात धरला तर आरपार दिसणारा, आणि खालचं कवच टणक, चकचकीत. हे चांगलं लक्षण. त्याला नखाने उचकटायला जाऊ नका, ब्रशने घासू नका. कवच सडत असेल तर खड्डा दिसतो, पांढुरका, पिवळट किंवा लालसर. दाबल्यावर मऊ लागतो आणि वास येतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

अशा वेळी तेल किंवा व्हॅसलिन चोपडणं सर्वांत वाईट, कारण जंतूंना त्याखाली छान ओलसर झाकण मिळतं. पशुवैद्यांची वेळ मिळेपर्यंत पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखमेला लावा आणि कासवाला उबदार, कोरड्या डब्यात ठेवा. दिवसातून तास-दोन तास स्वच्छ पाण्यात सोडायला विसरू नका, कारण पाणकासवांना पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. पोटाकडच्या कवचावर लाली पसरलेली दिसली तर जंतू रक्तात गेले असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

मऊ कवचाची गोष्ट वेगळी. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं कवच थोडं लवतं, ते चालतं. मोठ्याचं लवत असेल तर यूव्हीबी दिव्याकडे, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणाऱ्या दिव्याकडे, बघा. दिवा पेटतोय म्हणजे किरणं येताहेत असं नाही. उजेड तसाच राहतो, पण यूव्हीबी महिन्यागणिक घटत जातं. बहुतेक दिवे ६ ते १२ महिन्यांत बदलावे लागतात. मी दिव्याच्या बुडाशी मार्करने तारीख लिहून ठेवतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. ही किरणं नसतील तर ड३ जीवनसत्त्व नीट तयार होत नाही आणि नुसती कॅल्शियमची पावडर फारशी अंगी लागत नाही.

डोळ्यामागे, गालाच्या वरच्या बाजूला गोळा आला तर तो कानातला गळू. दाबून फोडू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, ओल्या खडूसारखा घट्ट असतो, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

मादीने खाणं सोडलं आणि ती मागच्या पायांनी सारखी उकरत असेल, तर अंडी अडकली असतील. "आमच्याकडे नर नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही, नराशिवायही ती अंडी धरते. एक्स-रेमध्ये लगेच कळतं.

ज्याच्याकडे न्याल तो सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य असावा. सोबत टँकचा फोटो, दिव्याचं खोकं, खाद्याचं पाकीट आणि वजनाची वही न्या. आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये वजन घेत गेलात तर घसरण डोळ्यांना दिसण्याआधी आकड्यांत दिसते. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि टँक स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. नेताना पाण्याने भरलेली बादली वापरू नका. अशक्त कासव मान वर काढू शकलं नाही तर बुडतं. झाकणाला भोकं पाडलेला डबा आणि तळाशी ओलसर टॉवेल पुरे.