पंप सारखा पाणी सोडतोय? आधी ओढीचा पाइप बघा

इंदूरकडच्या सांवेरजवळ मामांचा भाजीचा तुकडा आहे. पाणी नाल्याचं, पंप पायांनी चालवायचा, ट्रेडल. यंदा तो सारखा पाणी सोडायचा, म्हणजे ओढलेलं पाणी आत टिकायचंच नाही. सियागंजातल्या दुकानदाराचं मत, मोटर बसवा. मामा म्हणाले, "वीज येते रात्री. भेंडीला पाणी काय झोपेत देऊ?"

ओढीच्या पाइपाला, म्हणजे नाल्यातून पंपापर्यंत येणाऱ्या पाइपाला, भोक असेल तर पंप चालताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे सगळं कोरडंठाक दिसतं आणि माणूस उगाच वायसर बदलत बसतो. मी फुटव्हॉल्वमधली (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) माती काढली, पाइप वरून काठोकाठ भरला आणि जोडांवरून कोरडं फडकं फिरवलं. एक जोड ओला लागला! तो कापून, सोल्युशन लावून नवा बसवला. चामड्याचे वायसर रात्रभर गोडेतेलात भिजवले. मऊ झाल्यावर नळकांड्याला नीट चिकटतात.

पंप आता पाणी धरतो. उन्हाळ्याचं मात्र सांगत नाही, तेव्हा नाल्याचं पाणी खाली जातं. पंप फक्त हवा काढतो, पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. तो समुद्रसपाटीलाही पाणी जेमतेम १०.३ मीटर चढवतो, इंदूर तर साधारण ५५० मीटर उंचीवर, तिथे दाब आणखी कमी. व्यवहारात ६-७ मीटरच धरा. नाला त्याखाली गेला की मोटरच, तीही खाली उतरवून.