बेकेलाइटचा व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करताना

व्हॉल्व्ह रेडिओला, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्या (व्हॉल्व्ह) असलेल्या रेडिओला, लागणारे कंडेन्सर आणि रेझिस्टर आजही बाजारात मिळतात. अक्षरं छापलेली डायलची काच, मूळचे नॉब आणि अखंड पेटी मात्र दुसरी मिळणं फार कठीण. त्यामुळे सगळ्यात जास्त जपायचं ते यांना. खालची माहिती १९५०च्या आसपासच्या एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या, सेटची आहे, म्हणजे यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१ असे पाच व्हॉल्व्ह असलेल्या सेटची.

या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग उलटा बसला तर अख्ख्या चासीत (आतल्या धातूच्या सांगाड्यात) फेज येतो, आणि नॉबच्या बारीक स्क्रूतही. म्हणून सेटला मेन्सपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालू सेटला हात लावू नका. उघडण्याआधी प्लग काढा. मागचं झाकण काढल्यावर मोठ्या कंडेन्सरमधला चार्ज १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटर लावून खात्री करा.

सर्वाधिक मोडतोड होते ती नॉब काढताना. पेचकस घालून नॉब उचकटला तर पेटीची कड टवकते. आधी नॉबच्या बाजूच्या भोकात स्क्रू आहे का पाहा. तो बऱ्याचदा मेणाखाली दडलेला असतो. गंजला असेल तर तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबा. स्क्रू नसेल तर नॉबमागे सुती पट्टीचा वेढा द्या आणि दोन्ही टोकं सारखी ओढा. काम संपल्यावर स्क्रूचं भोक पुन्हा मेणाने बुजवायलाच हवं, कारण तेच बोटांचं शॉकपासून रक्षण करतं.

डायलच्या काचेवरची अक्षरं मागच्या बाजूने छापलेली असतात. ओलं फडकं लागलं की ‘मुंबई’, ‘कोलंबो’ सगळं फडक्यावर येतं. मागून फक्त कोरडा मऊ ब्रश, तोही जिथे रंग सुटलेला नाही तिथेच. समोरची बाजू किंचित ओलसर कापडाने पुसा. डायलची दोरी सोडण्यापूर्वी कोणत्या पुलीवर किती वेढे आहेत याचा फोटो काढून ठेवा.

व्हॉल्व्ह सरळ वर ओढा, आडवे हलवू नका. काचेतून निघालेल्या पिनांपाशी तडा जातो आणि हवा शिरली की व्हॉल्व्ह संपला. नंबरची छपाई पुसू नका, ती बोटानेही निघते. आयएफ ट्रान्सफॉर्मरचे (सिग्नलच्या ट्यूनिंगच्या छोट्या डब्यांचे) आतले कोअर फिरवण्याचा मोह टाळा, ते ठिसूळ असतात.

आता पेटी. बेकेलाइट म्हणजे फिनॉल रेझिनमध्ये लाकडाचा भुसा. वरचा रेझिनचा थर अगदी पातळ असतो. सँडपेपर मारला की खालचा भुसा उघडा पडतो आणि तो भाग कायमचा निस्तेज होतो. पेटी पाण्यात बुडवू नका. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून कापड पिळून पुसा आणि लगेच कोरडी करा. नंतर धातूच्या पॉलिशने हलक्या हाताने गोल गोल घासा. कापडावर तपकिरी रंग येतो, तो उन्हाने खराब झालेला थर आहे. मूळ चमक दिसू लागली की थांबा, वरून कार्नोबा मेण लावा. तडा आतल्या बाजूने इपॉक्सीने सांधा.

पहिल्यांदा वीज देण्याआधी मेणाचे सगळे कागदी कंडेन्सर बदला. यूएल ४१ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतल्या नियंत्रक जाळीला) येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा सगळ्यात आधी. तो गळका असेल तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घाला. थेट मेन्सवर बसणारा कंडेन्सर एक्स-२ प्रकारचाच, म्हणजे मेन्ससाठीच बनवलेला, हवा. फिल्टरचे कंडेन्सर मूळच्यापेक्षा जास्त मायक्रोफॅरडचे नकोत. ते भरताना बसणाऱ्या सुरुवातीच्या झटक्याने यूवाय ४१, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, मरतो.

सेट ६० वॉटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब मंद राहिला तर ठीक, पूर्ण उजळून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पाचही व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकाच साखळीत आहेत, मिळून सुमारे ११७ व्होल्ट, ०.१ अँपिअर. एक हीटर तुटला की सगळे विझतात. २३० मधले उरलेले ११३ व्होल्ट साखळीतल्या ड्रॉपर (जादा व्होल्टेज उतरवणाऱ्या) रेझिस्टरवर पडतात, म्हणजे नुसती ११ वॉट उष्णता. म्हणून मागची भोकं मोकळी ठेवा आणि सेट भिंतीपासून चार बोटं पुढे मांडा, नाहीतर ड्रॉपरजवळची पेटी तापून तापून तडकते.