हाडाचं सेंट्रिंग

आमचं गाव दिग्रसजवळ. मामा स्लॅबच्या सेंट्रिंगची कामं घेतो. पीएचडीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याला विषय सांगत होतो. हाडात मोठी पोकळी पडली तर ती आपली आपण भरून येत नाही. तिथं बसवायचा जाळीदार साचा थ्रीडी प्रिंटरवर काढायचा, त्याला धरून पेशी वाढतात आणि नवं हाड तयार होतं. मामा म्हणाला, "म्हंजे सेंट्रिंगच. मंग ते काढते कोन बे?"

"शरीरातच हळूहळू विरते."

"अन् स्लॅब पक्का व्हायच्या आधीच विरलं तं?"

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत घुमवून फिरवून हेच विचारलं. मी फळ्यावर सरळ स्लॅब काढला.

उत्तर मिश्रणात आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, हे प्लास्टिक चिवट. शरीरात विरायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. पण ते पाण्याला जवळ करत नाही, पेशी त्यावर नीट चिकटत नाहीत. हायड्रॉक्सीॲपेटाइट हे हाडातल्याच खनिजासारखं, पेशींना मानवणारं, पण एकटं ठिसूळ. म्हणून दोन्ही एकत्र. छिद्रं साधारण 300 ते 500 मायक्रॉनची ठेवतात, आत रक्तवाहिन्या शिराव्यात म्हणून.

नवी मुलं प्रिंटर पाहून भुलतात. मीही भुललो होतो. खरं तर प्रिंटर हा त्यातला सोपा भाग. माझे पहिले तीन महिने हायड्रॉक्सीॲपेटाइटची पूड वाळवण्यात, चाळण्यात आणि 0.4 मिलिमीटरचं नोझल मोकळं करण्यात गेले. पावसाळ्यात पुडीच्या गुठळ्या होत. माय ज्वारीचं पीठ ज्या निगुतीनं चाळते ती निगुत इथं लागते, आणि ती कुठल्याच पुस्तकात नसते.

एकदा पंधरा दिवसांचे नमुने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, ठेवले. तिथं 121 अंश. पीसीएल 60 च्या आसपासच वितळतं. झाकण उघडलं तर तळाशी पांढरा गोळा. वितळणबिंदू मला तोंडपाठ होता, तरीही! तेव्हापासून 70 टक्के अल्कोहोल आणि अतिनील दिवा.

इकडे यायला अमुकच पदवी लागते असं नाही. आमच्या प्रयोगशाळेत बीफार्मवाला आहे, मेकॅनिकलवाली आहे, मी रसायनशास्त्राचा. गेट किंवा नेट ही परीक्षा मात्र द्या. इंग्रजीचं भय सहा महिन्यांत जातं. पेशी वाढवण्याचं काम शिकायची संधी मिळाली तर सोडू नका; प्रिंटर चालवणारे पुष्कळ सापडतात, बुरशी न लावता पेशी सांभाळणारे कमी.

जेआरएफचे, म्हणजे संशोधन करणाऱ्याच्या फेलोशिपचे, महिन्याला 37,000 रुपये मिळतात, पण माझा पहिला हप्ता पाच महिन्यांनी आला. तोवर बाबांनी हरभरा विकून खोलीचं भाडं भरलं. तेवढी सोय करूनच घरून निघा.