मेश वाय-फायला दोन नावं दिलीत? मग या चुका टाळा

घरात मेशचे तीन नोड (एकच वाय-फाय घरभर पसरवणारे छोटे राउटर) लावले, तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की व्हिडिओ कॉल अडकतोच. अशी तक्रार आली की मी आधी फोनमधली वाय-फायची यादी उघडतो. तिथे 'घर' आणि 'घर-५जी' अशी जोडी दिसली, की निम्मं निदान झालंच. (हे '५जी' म्हणजे ५ गीगाहर्ट्झ, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.)

दोन नावं ठेवली की ताबा आपल्याकडे राहतो, ही समजूतच मुळात चुकीची. कुठल्या नोडला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर फार तर सुचवतो. नाव आणि पासवर्ड एकच असेल तर सगळे नोड आणि दोन्ही बँड (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्या) फोनच्या लेखी एकाच नेटवर्कचे, म्हणून तो चालता चालता जागा बदलतो. नाव वेगळं असलं की ते परकं नेटवर्क. ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. फोन तरीही त्याला चिकटून राहतो, पार तुटल्यावरच दुसऱ्या नावाकडे वळतो आणि तेवढ्यात कॉल तुटतो. बोल मात्र नोडला लागतो.

तेव्हा मेशच्या ॲपमध्ये दोन्ही बँडना एकच नाव द्या. मग लोक हमखास विसरतात ते करा: प्रत्येक फोनमधून वापरात नसलेली नावं काढून टाका आणि जुन्या राउटरचं वाय-फाय बंद करा. ते चालू राहिलं तर फोन गुपचूप तिकडेच जातो.

स्मार्ट बल्ब आणि प्लग हा खरा अपवाद. त्यातले बरेच फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्यासाठी २.४ चं वेगळं नाव जरूर ठेवा, पण फोन कायमचा त्यावर ठेवू नका. गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) टाकलेला बल्ब त्याच्या ॲपला अनेकदा सापडत नाही, कारण तिथली उपकरणं बहुधा मुख्य नेटवर्कपासून तोडलेली असतात. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर (वाय-फायच्या पासवर्ड-सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर जुनी उपकरणं जोडलीच जात नाहीत. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय निवडा.

सिग्नलच्या काड्या पूर्ण, पण स्पीड नाही? काड्या फोन आणि नोडमधलं नातं दाखवतात. नोडला मुख्य राउटरकडून काय मिळतंय ते नाही. रेंज नसलेल्या खोलीत नोड ठेवू नका, अर्ध्या वाटेवर ठेवा. जमलं तर लॅन केबलने जोडा. त्याआधी लॅपटॉप केबलने मुख्य राउटरला लावून स्पीड बघा. तिथेच मंद असेल तर मेश निर्दोष आहे.

एक चकवा राहिला. कधी फक्त ५ गीगाहर्ट्झ मिनिटभर गायब होतं आणि आपोआप परततं. राउटरचं चॅनेल (बँडमधला क्रमांक दिलेला भाग) ५२ ते १४४ यांपैकी असेल, तर ते रडारही वापरतात, म्हणून रडारची चाहूल लागताच राउटरला ते सोडावं लागतं, आणि त्याच पट्ट्यातलं नवं चॅनेल घ्यायचं तर निदान १ मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. चॅनेल ३६ ते ४८ मध्ये आणि चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झवर ठेवा. १६० ठेवलीत तर पसारा पुन्हा रडारच्या पट्ट्यात शिरतो.